नोंद आणि अन्वय : जॉर्ज हर्बिग यांच्या तारकासंशोधनाचे पुनर्वाचन

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे. खगोलशास्त्र अभ्यासक्रमात नव्हते. पण दिवाळीची सुटी संपून थंडी पडू लागली, की एखाद्या रात्री मुलांना मैदानावर जमवून आकाश दाखवायचे, असा माझा शिरस्ता होता. मृग नक्षत्र वर आले, की त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन चांदण्या आणि त्यांच्याखालचा तो अंधूक, धुरकट ठिपका मी दाखवी. मग ठरलेली गोष्ट सांगे. या ठिपक्याच्या थोडे दक्षिणेला, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, १९४७ सालच्या छायाचित्रात नसलेल्या दोन ताऱ्यांसारख्या गाठी १९५४ सालच्या छायाचित्रात उमटल्या. माणसाने ताऱ्याचा जन्म छायाचित्रात पकडला, तो असा! मुले गप्प होत. ग्रंथालयातल्या, मुखपृष्ठ गेलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मी ती गोष्ट वाचली होती आणि कित्येक वर्षे ती त्याच उत्साहाने सांगत आलो.

गोष्ट चुकीची होती. छायाचित्रे खरी होती, गाठीही खऱ्या होत्या. पण त्या गाठी म्हणजे तारे नव्हते. याहून मनाला लागलेली बाब वेगळी आहे. ती छायाचित्रे ज्यांची, त्या जॉर्ज हर्बिग यांनीच १९८१ साली एका सहकाऱ्याबरोबर निबंध लिहून त्या गाठींचा निकाल लावला होता. मी गोष्ट सांगायला सुरुवात केली ती त्यानंतर. म्हणजे ज्याने पाटीवर लिहिले त्याने ते पुसले होते, आणि मी मात्र पुसलेले अक्षर गिरवत बसलो होतो.

हर्बिग १२ ऑक्टोबर २०१३ रोजी होनोलुलू येथे वारले. त्या सुमारास मी निवृत्त झालो होतो आणि हाताशी वेळ होता. खगोलशास्त्रातले जुने निबंध आता संगणकावर मोफत वाचता येतात. त्यामुळे एखाद्या कादंबरीकाराचे समग्र लेखन वाचावे तसे हर्बिग यांचे निबंध जमतील तेवढे कालक्रमाने वाचायचे ठरवले. त्या वाचनातून हा लेख आला आहे.

साहित्यात आपण लेखकाचे मूल्यमापन करताना त्याच्या गाजलेल्या पुस्तकांची यादी देऊन थांबत नाही. पहिल्या पुस्तकात त्याने काय गृहीत धरले होते, पुढे ते कुठे मोडले, कोणत्या गोष्टीवर तो अखेरपर्यंत अडून राहिला, हे पाहतो. शास्त्रज्ञाच्या वाट्याला असे वाचन क्वचित येते. त्याच्या नावावर शोध किती, निबंध किती आणि इतरांनी त्यांचे उल्लेख किती वेळा केले, एवढ्यावर त्याचा हिशेब आटोपतो. हर्बिग यांच्याबाबतीत असा हिशेब सहज भरघोस निघतो. वस्तूंचे दोन वर्ग त्यांच्या नावाने ओळखले जातात, अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेचे हेन्री नॉरिस रसेल व्याख्यातेपद त्यांना १९७५ साली आणि ब्रूस पदक १९८० साली मिळाले. पण या हिशेबात त्यांच्या कामाचा मुख्य गुण येत नाही, आणि मुख्य दोषही येत नाही. माझ्या मते त्यांचा मुख्य गुण असा, की आपण काय पाहिले आणि त्याचा अर्थ काय लावला, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या खणांत ठेवल्या. त्यामुळे अर्थ चुकला तरी नोंद वाया गेली नाही. आणि मुख्य दोष असा, की आपली नोंद ज्या साधनाने झाली त्या साधनाच्याही मर्यादा असतात, हे त्यांच्या कामातून नेहमी पुरेसे उमटत नाही.

०००

हर्बिग यांचा जन्म २ जानेवारी १९२० चा, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या व्हीलिंगचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना बर्कलीत १९४८ साली मिळाली. प्रबंधाचा विषय होता तेजोमेघांत सापडणारे रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते असे तारे. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे माउंट हॅमिल्टनवरील लिक वेधशाळेत आणि १९८७ नंतर हवाई विद्यापीठात, असा त्यांचा प्रवास झाला. विषय मात्र प्रबंधापासून फारसा हलला नाही.

त्यांनी सुरुवात केली तेव्हा तारे आजही जन्मत असावेत, हे तर्काने पटू लागले होते. १९३० च्या दशकाअखेर ताऱ्यांच्या इंधनाचे कोडे सुटले आणि अतितेजस्वी तारे आपले इंधन इतक्या वेगाने उधळतात, की ते फार जुने असूच शकत नाहीत, हे हिशेबाने दिसू लागले. १९४७ मध्ये आर्मेनियाचे व्हिक्टर अम्बार्त्सुमियान यांनी ताऱ्यांचे काही विरळ समूह तरुणच असले पाहिजेत, असा युक्तिवाद केला. पण सूर्यासारख्या साध्या ताऱ्याचे बालपण कसे दिसते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

संशय होता तो काही विचित्र ताऱ्यांवर. वृषभ राशीत, रोहिणीच्या उत्तरेला, 'टी टौरी' नावाचा एक तारा आहे. जॉन रसेल हाइंड यांनी तो १८५२ मध्ये शोधला. त्याचे तेज अनियमितपणे बदलते आणि शेजारचा तेजोमेघही कधी उजळ, कधी फिका दिसतो. १९४५ साली माउंट विल्सन वेधशाळेच्या आल्फ्रेड जॉय यांनी असे अकरा तारे एकत्र करून त्यांचा एक वर्ग केला. हे तारे काळ्या ढगांच्या आसपास सापडतात आणि त्यांच्या वर्णपटात हायड्रोजन, कॅल्शियम यांच्या तेजस्वी रेषा असतात. याचे स्पष्टीकरण दोन प्रकारे देता येत होते. एक, हे तारे जुनेच आहेत, भटकत धुळीच्या ढगात शिरले आहेत आणि ढगाशी झालेल्या झटापटीमुळे खवळले आहेत. दोन, ते या ढगातच जन्मले आहेत आणि अजून तिथून बाहेर पडलेले नाहीत. पाहुणा की घरचा, असा हा वाद होता.

एका ताऱ्याकडे कितीही वेळ पाहिले तरी असा वाद मिटत नाही. हर्बिग यांनी मोजणीचा मार्ग धरला. लिकच्या ३६ इंची क्रॉसली दुर्बिणीतून त्यांनी काळ्या ढगांचे प्रदेश एकेक करून तपासले आणि हायड्रोजनची तांबडी रेषा, म्हणजे 'हायड्रोजन-अल्फा', तेजस्वी दिसणारे अंधूक तारे टिपून काढले. आजही अशा ताऱ्यांच्या नावाआधी लिक आणि हायड्रोजन-अल्फा यांची आद्याक्षरे लागतात. ढगात असे तारे थव्याने सापडतात आणि ढगाबाहेर जवळजवळ नाहीत, हे जसजसे दिसत गेले तसतसे पाहुण्यांचे स्पष्टीकरण लंगडे पडत गेले. वाटेने जाणारे पाहुणे एकाच घरात इतक्या संख्येने कसे जमतील?

या मोजणीतून याद्या तयार झाल्या. १९६२ च्या यादीत १२६ तारे होते. १९७२ ची दुसरी यादी त्यांनी एन. कामेश्वर राव या भारतीय खगोलशास्त्रज्ञांबरोबर केली. तिच्यात ३२३ तारे होते. १९८८ ची तिसरी, कॅथरीन रॉबिन्स बेल यांच्याबरोबर केलेली यादी ७४२ वर गेली. जॉय यांच्या अकरापासून ७४२ पर्यंतचा हा विस्तार त्रेचाळीस वर्षांचा आहे. याद्या कोणी आवडीने वाचत नाही हे खरे. पण या याद्या वाचताना मला आपल्याकडच्या कोशकारांची आठवण झाली. कोशात शब्द घेताना त्याच्या व्युत्पत्तीवर मतभेद असले तरी शब्दाचा प्रयोग कुठे आणि कसा सापडला, हे नेमके नोंदवावे लागते. व्युत्पत्ती उद्या बदलेल, प्रयोग बदलत नाही.

हीच शिस्त त्यांच्या १९६० च्या निबंधात सर्वांत स्वच्छ दिसते. टी टौरी तारे साधारण सूर्याएवढे किंवा त्याहून हलके. मग सूर्याच्या दुप्पट, पाचपट वजनाच्या ताऱ्यांचे बालपण कुठे शोधायचे? हर्बिग यांनी तीन अटी घातल्या. ताऱ्याचा वर्णपट 'ए' किंवा त्याहून उष्ण वर्गाचा असावा आणि त्यात उत्सर्जनरेषा असाव्यात. तो धुळीने झाकोळलेल्या प्रदेशात असावा. आणि शेजारच्या तेजोमेघाला तो उजळत असावा. या चाळणीतून २६ तारे उरले. या तीन अटींत 'तरुण' हा शब्द कुठेच नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. तारे तरुण आहेत असे त्यांना वाटत होते आणि त्यासाठीच सारा खटाटोप होता. तरीही वर्गाची व्याख्या करताना त्यांनी फक्त डोळ्यांना आणि वर्णपटाला दिसणाऱ्या गोष्टी घेतल्या. पुढे या ताऱ्यांचे तारुण्य इतर मार्गांनी सिद्ध झाले, त्यांच्याभोवती धूळ-वायूच्या तबकड्या सापडल्या. व्याख्येत निष्कर्ष आधीच कोंबला असता, तर ही सिद्धता म्हणजे स्वतःच ठेवलेली वस्तू स्वतःच शोधण्यासारखे झाले असते.

०००

आता माझ्या मैदानावरच्या गोष्टीकडे येतो.

हर्बिग यांनी १९५१ साली मृगातल्या एका लहान तेजोमेघाजवळच्या दोन धूसर ठिपक्यांचे वर्णपट प्रसिद्ध केले. निबंधाच्या शीर्षकातही एवढेच आहे: अमुक तेजोमेघाजवळच्या दोन धूसर वस्तूंचे वर्णपट. मेक्सिकोतील टोनांट्झिंट्ला वेधशाळेचे गिलेर्मो हारो याच वस्तूंपर्यंत स्वतंत्रपणे पोचले होते. पुढे अम्बार्त्सुमियान यांनी दोघांची नावे जोडली आणि 'हर्बिग-हारो वस्तू' हे नाव रूढ झाले. वस्तू म्हणायचे कारण सरळ होते. तारा म्हणावे तर ताऱ्याचा सलग प्रकाश तिथे दिसत नव्हता; नेहमीचा तेजोमेघ म्हणावे तर त्याला उजळणारा उष्ण तारा जवळपास नव्हता. वर्णपटात हायड्रोजन होता आणि ऑक्सिजन, गंधक यांच्या अशा रेषा होत्या, ज्या अतिविरळ वायूतच दिसतात. टी टौरीला चिकटून असलेला एक धूसर ठिपका बर्नहॅम यांनी १८९० मध्ये लिकच्याच दुर्बिणीतून पाहिला होता. त्याच्याशी या वर्णपटाचे साम्य आहे, ही हर्बिग यांची महत्त्वाची नोंद. तेवढ्या धाग्यावर या वस्तूंचे ताऱ्यांच्या बालपणाशी नाते जोडले गेले.

मग १९५४ चे छायाचित्र आले. दुसऱ्या क्रमांकाच्या वस्तूत १९४७ साली नसलेल्या दोन गाठी दिसत होत्या. सात वर्षांत काहीतरी नवे उगवले होते. तारे जन्मतानाची ही घटना असू शकेल, ही शक्यता मांडण्याचा मोह कोणालाही झाला असता आणि तो झाला. शक्यतेचे विधान लोकप्रिय पुस्तकांत शिरताना तिच्यातला 'असू शकेल' गळून पडला. माझ्या जुन्या पुस्तकात तर तो नव्हताच.

नंतरची वीस वर्षे या वस्तूंच्या अर्थाची ओढाताण चालू राहिली. काहींना त्या जवळच्या, धुळीत लपलेल्या ताऱ्याचा परावर्तित प्रकाश वाटल्या. १९७५ साली रिचर्ड श्वार्ट्झ यांनी दाखवले, की हा वर्णपट वेगवान वायू ढगावर आदळून होणाऱ्या धक्क्याचा आहे. फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांत दिसतो तसा. मग आदळणारा वायू येतो कुठून?

याचे उत्तर शोधताना हर्बिग यांच्या जुन्या काचा उपयोगी पडल्या. त्या काळी आकाशाचे छायाचित्र काचेवर घेत आणि काच जपून ठेवत. वस्तू खरोखर वेगाने सरकत असतील, तर काही दशकांच्या अंतराने घेतलेल्या काचांवर त्यांच्या जागा किंचित वेगळ्या दिसायला हव्यात. १९७९ मध्ये काइल कडवर्थ आणि हर्बिग यांनी वृषभेतल्या अशा दोन वस्तूंची गती मोजली. दोन्ही एकाच दिशेने चालल्या होत्या, आणि त्यांचा मार्ग मागे नेला तर तो ढगात दडलेल्या एका अवरक्त उगमापाशी पोचत होता. पुढच्याच वर्षी रेडिओ दुर्बिणीने दाखवले, की त्या उगमातून दोन विरुद्ध दिशांना वायूचे लोट निघत आहेत. आणि १९८१ मध्ये बर्टन जोन्स यांच्याबरोबर हर्बिग आपल्या मूळच्या दोन वस्तूंकडे परतले. पहिली एका दिशेला आणि दुसरी तिच्या बरोबर विरुद्ध दिशेला जात होती. काही गाठींचा वेग सेकंदाला तीनशे किलोमीटरहून अधिक निघाला. हा वेग ऐकायला प्रचंड वाटतो. पण इतक्या लांबून पाहताना सर्वांत वेगवान गाठसुद्धा वर्षाला सरकते ती तीसेक किलोमीटरवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याच्या रुंदीएवढी. असे सरकणे मोजायला जुनी काच हातात असावी लागते.

म्हणजे १९५४ च्या गाठी हे नवजात तारे नव्हते. दुसरीकडे जन्मत असलेल्या ताऱ्याने फेकलेला वायू ढगावर आदळून तिथे उजळला होता. कुणाच्या घरी बारसे आहे म्हणून आपण धावत जावे आणि कळावे, की हा तर शेजारच्या गल्लीतून उडालेल्या फटाक्याचा उजेड होता, तसे काहीसे. पण फटाका उडाला म्हणजे शेजारी काहीतरी चालू आहे, हे मात्र खरे. तारा जन्मताना वायू फक्त आत घेत नाही, त्यातला काही मोठ्या वेगाने बाहेर फेकतो, ही समजूत आज तारकानिर्मितीच्या अभ्यासाच्या पायाशी आहे आणि तिच्या भक्कम पुराव्यांत १९७९ आणि १९८१ च्या या मोजण्या येतात.

१९८१ च्या निबंधात आपल्याच जुन्या शक्यतेला बाजूला सारावे लागते आहे याची खंत मला कुठे आढळली नाही आणि आपण ते मोठ्या मनाने करतो आहोत असा आवही नाही. काचा मोजल्या, गती निघाली, दिशा निघाल्या. मला हे इतके सहज का वाटले, याचा मी विचार करत राहिलो. उत्तर बहुधा १९५१ च्या त्या कोरड्या शीर्षकात आहे. वस्तूला सुरुवातीलाच 'नवजात तारा' म्हटले असते, तर मागे फिरताना नावच आडवे आले असते. तिला 'वस्तू' म्हटले होते, म्हणून अर्थ बदलला तरी नाव तसेच राहिले.

०००

हाच गुण दुसऱ्या एका प्रकरणात वेगळ्या रीतीने दिसतो. मृगाच्या डोक्याजवळचा 'एफयू ओरायनिस' हा अंधूक तारा १९३६-३७ च्या सुमारास काही महिन्यांत जवळजवळ सहा प्रतींनी, म्हणजे सुमारे अडीचशे पटींनी उजळला आणि विझण्याऐवजी तसाच तेजस्वी राहिला. नवताऱ्याप्रमाणे तो मावळला नाही. जगात असा एकच तारा माहीत होता आणि एका उदाहरणावरून नियम सांगता येत नाही. हर्बिग यांनी १९६६ मध्ये या ताऱ्यावर दीर्घ निबंध लिहून तो तारकाजन्माच्या काळातला स्फोटक टप्पा असावा, असे सुचवले. पण उजळण्यापूर्वी तो कसला तारा होता, हे सांगायला त्याचा आधीचा वर्णपट कोणाकडेच नव्हता.

१९६९-७० मध्ये हंस तारकासमूहातला एक तारा अगदी तसाच उजळला. या वेळी आधीचा वर्णपट होता. हर्बिग यांनी १९५० च्या दशकात हायड्रोजन-अल्फा ताऱ्यांच्या मोहिमेत तो टिपून ठेवला होता. तो टी टौरी प्रकारचा तारा होता. कोणत्याही सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी ती नोंद केली नव्हती. नोंद करणे हे काम होते, म्हणून केली होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्या वर्षीच्या कामगिरीत त्या एका वर्णपटाला शून्य गुण मिळाले असते.

या बळावर १९७७ च्या निबंधात त्यांनी मोठी उडी घेतली. अशा घटना हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि टी टौरी तारे शेकड्यांनी. घटनांचा दर आणि ताऱ्यांची संख्या यांचा मेळ घालायचा, तर एकाच ताऱ्याला असे उमाळे आयुष्यात पुनःपुन्हा, हजारो वर्षांच्या अंतराने येत असले पाहिजेत. तारा शांतपणे, एकसारखा वाढत नाही, तर अधूनमधून आधाशासारखा वाढतो, या आजच्या चित्राची एक मुळी या हिशेबात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांनी लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीतून असेच उसळणारे काही तरुण तारे अलीकडच्या वर्षांत सातत्याने पाहिले. त्यांपैकी एकशृंगी तारकासमूहातील एक तारा हर्बिग यांच्या चर्चेतल्या दोन प्रकारच्या उमाळ्यांच्या मधला निघाला.

०००

इथवर लिहिले ते एखाद्या भक्ताने लिहिल्यासारखे वाटेल, म्हणून आता दोन त्रुटी.

पहिली त्रुटी याद्यांतली. हायड्रोजन-अल्फाची रेषा तेजस्वी दिसली तर तारा जाळ्यात सापडणार, नाही तर निसटणार. १९७८ मध्ये हर्बिग यांनी स्वतःच एका निबंधाचे शीर्षक प्रश्नाच्या रूपात दिले: टी टौरी अवस्था संपलेले तारे सापडू शकतील का? लाखो वर्षे ढगांत तारे जन्मत असतील, तर बालपण ओलांडलेली भावंडेही आसपास हवीत. ती कुठे आहेत? प्रश्न चोख होता. त्याचे एक उत्तर क्ष-किरण दुर्बिणींनी पुढच्या दशकात दिले. ज्यांची हायड्रोजनरेषा क्षीण आहे पण ज्यांच्यातून भरपूर क्ष-किरण येतात, असे कितीतरी तरुण तारे त्याच ढगांत होते. त्यांतले बरेच वयाने टी टौरी ताऱ्यांएवढेच होते; फक्त त्यांच्याभोवतीची तबकडी लवकर विरली होती. तीन दशकांच्या जाळ्याचे भोक नेमके याच आकाराचे होते. साधनाला जे दिसते तेच जगात आहे असे हर्बिग यांनी कुठे म्हटलेले नाही; पण यादी जितकी काटेकोर, तितकी ती पूर्ण असल्याचा भास बळावतो आणि या भासाविरुद्ध त्यांनी पुरेसे बजावले नाही, असे मला वाटते.

दुसरी त्रुटी अधिक मानवी आहे. १९८५ मध्ये ली हार्टमन आणि स्कॉट केन्यन यांनी एफयू ओरायनिससारख्या ताऱ्यांचे नवे स्पष्टीकरण दिले. आपण पाहतो तो प्रकाश ताऱ्याचा नसून त्याच्याभोवती फिरणाऱ्या तबकडीचा आहे. तबकडीतला वायू एकाएकी मोठ्या प्रमाणात ताऱ्यावर कोसळू लागला, की ती ताऱ्याहून कितीतरी तेजस्वी होते. दृश्य प्रकाशात या वस्तू एका वर्गाच्या ताऱ्यासारख्या आणि अवरक्तात दुसऱ्याच वर्गाच्या ताऱ्यासारख्या का दिसतात, हे या कल्पनेने सुटत होते. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली. हर्बिग यांनी स्वीकारली नाही. अतिशय वेगाने स्वतःभोवती फिरणारा ताराच हे सगळे करू शकतो, या बाजूला ते राहिले. २००३ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सूक्ष्म वर्णपटांच्या आधारे तबकडीच्या कल्पनेविरुद्ध पुन्हा युक्तिवाद केला. नंतरच्या निरीक्षणांनी तबकडीचीच बाजू बळकट केली.

हा हट्ट १९८१ च्या त्या निःसंकोच दुरुस्तीशी कसा जुळवायचा? मी बराच काळ याकडे वार्धक्यातला ताठरपणा म्हणून पाहत होतो. २००३ चा निबंध नीट वाचल्यावर मत थोडे बदलले. त्यांच्या हरकती हवेतल्या नव्हत्या. तबकडी असेल तर अमुक रेषांची रुंदी अशी बदलायला हवी, ती तशी बदलताना दिसत नाही, अशा त्या होत्या. हर्बिग-हारो वस्तूंच्या बाबतीत निकाल काचेवर मोजता आला आणि त्यांनी तो मानला. इथे निकाल एका प्रतिमानाच्या एकूण सामर्थ्यावर अवलंबून होता: काही तपशील न जुळले तरी सगळ्या चित्राला अर्थ देणाऱ्या कल्पनेवर विश्वास टाकायचा की नाही? अशा विश्वासासाठी जे धाडस लागते ते त्यांच्या स्वभावात कमी होते. नोंदीला अर्थापासून दूर ठेवण्याच्या सवयीने त्यांना एकदा वाचवले आणि दुसऱ्यांदा अडवले. गुण आणि दोष वेगवेगळ्या मुळांतून येतात असे समजून आपण लेखकांचे मूल्यमापन करतो, तिथेही बहुधा असेच चुकत असू.

पण त्या २००३ च्या निबंधातले वर्णपट आजही वापरता येतात. ज्यांना त्यांचा निष्कर्ष मान्य नाही, त्यांनाही. माझ्या लेखी कोणत्याही संशोधनाला लावायची कसोटी ही आहे: निष्कर्ष वजा केला, तर मागे काय उरते? पुष्कळ चमकदार निबंधांत काहीच उरत नाही. हर्बिग यांच्या कामातून निष्कर्ष वजा केले तरी याद्या उरतात, काचा उरतात, व्याख्या उरतात आणि घटनेच्या आधीचा तो एक वर्णपट उरतो. त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने चिलीतील 'अल्मा' दुर्बिणीने वृषभेतल्या 'एचएल टौरी' ताऱ्याभोवतीच्या तबकडीचे, तिच्यातल्या काळ्या कड्यांसह, जे छायाचित्र घेतले ते जगभर छापले गेले. तो तारा हर्बिग यांच्या यादीत होता.

आपल्याकडे तरुण संशोधकांना दरवर्षी निबंधांची संख्या भरून द्यावी लागते. त्यांच्यापैकी कोणी पुढच्या वीस वर्षांत कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी नोंद करत बसला, तर त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. हर्बिग यांच्या काळी तरी होता का, ते मला सांगता येणार नाही. एवढेच दिसते, की त्यांना वेळ मिळाला आणि त्यांच्या काचा कोणी फेकून दिल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात शेजारपाजारची मुले गच्चीवर जमली होती. मी मृग दाखवला आणि जुनी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी पूर्ण. दोन छायाचित्रे, नव्या गाठी, जन्म झाला असे वाटणे, मग तीसेक वर्षांनी त्याच माणसाने जुन्या काचा काढून मोजणे आणि दोन वस्तू एकमेकींपासून दूर पळताना सापडणे. गोष्ट आता लांबते, आणि पूर्वी जिथे मुले गप्प होत तिथे आता प्रश्न येतात. एका मुलीने विचारले, "मग तारा जन्मतोय तो नेमका कुठे?"

मी म्हटले, त्या दोन वस्तूंच्या मधोमध. १९८५ साली रेडिओ दुर्बिणीने तिथला उगम पकडला. १९४७ च्या आणि १९५४ च्या दोन्ही छायाचित्रांत त्या जागी काही दिसत नाही, नुसता काळोख आहे.